खाप्याच्या अंगणातली विहीर

"भाऊ, तुमची विहीर घेऊन जा गा!"

दुपारी दोनला मी नुकता जेवायला बसलो होतो आणि फोनवर खापा गावच्या सुमनकाकू होत्या. मी लोकेशन मॅनेजर. म्हणजे सिनेमा-सिरियलवाल्यांना शूटिंगसाठी घरं, शेतं, पूल शोधून द्यायचे, परवानग्या काढायच्या आणि शेवटी सगळ्यांच्या शिव्या खायच्या. नागपुरात राहून वीस वर्षं हेच करतोय. खरं सांगतो, आता वीट आलाय.

काकूंचं घर मी एका वेब सिरीजला मिळवून दिलं होतं. त्यात छळाला कंटाळून सून अंगणातल्या विहिरीत जीव देते. काकूंच्या अंगणात विहीरच नव्हती. ती आर्टवाल्यांनी दोन दिवसांत बांधली. हिरोईनला काठावर बसायचं होतं म्हणून विटांची, वरून सिमेंटचा हात. खोली शून्य. आत वाकून पाहिलं की अंगणातलीच फरशी दिसायची. पाण्याचे शॉट दुसरीकडे घेतले.

शूटिंग संपलं की सेट मोडायचा आणि जागा होती तशी करून द्यायची, याला आम्ही स्ट्राइक म्हणतो. तो मी केला नाही. काकू म्हणाल्या, "राहू द्या ना गा, किती शोभून राहिली!" शेवटचा दिवस, युनिट दमलेलं, मजूर घरी जायच्या घाईत. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. काकूंची सही घेतली आणि गाडीत बसलो. नंतर कळलं की काकू तिच्यात कांदे ठेवत होत्या.

"विहिरीनं काय केलं आता?" मी विचारलं.

"प्रणाली येत नाही म्हणते."

प्रणाली ही काकूंची खरीखुरी सून. मुलगा कोराडीला कामाला, रोज जाऊन-येऊन करतो. सिरीज गाजली आणि दर रविवारी गाड्या भरभरून लोक काकूंच्या दारात यायला लागले. विहिरीशी उभं राहून रील करायचे. प्रणालीला सातवा महिना होता तेव्हा दोन पोट्टे तिलाच म्हणाले, "वहिनी, जरा काठावर बसता का? सुनेचा सीन करून राहिलो." त्याच आठवड्यात ती भिवापूरला माहेरी गेली. बाळंतपण तिथेच झालं. नात आता तीन महिन्यांची झाली होती आणि काकूंनी तिला बारशाला पाहिली तेवढीच.

"तिची आई म्हणते, जिथं लोकं रोज विचारते सून कुठं मेली, तिथं पोरीले कशी धाडू? सांगा, काय बोलू मी तिले?" काकू रडायलाच लागल्या. माझं जेवण तसंच राहिलं. चूक माझी होती, दुसऱ्या कोणाची नाही.

मी मुंबईला प्रॉडक्शन हेडला फोन लावला. "सर, खाप्याची विहीर तोडतोय."

"वेडा झालास का? सेकंड सीझन तिथेच करायचाय! आणि लोक येतायत, ही फुकटची पब्लिसिटी आहे."

"घरात खरी सून आहे, सर."

"मग तिला महिनाभर शिफ्ट करा ना कुठेतरी."

मी फोन ठेवला. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीला घेऊन खापा गाठलं. कांदे आधीच बाहेर काढून ठेवलेले होते. मिस्त्री घण उचलणार तोच काकू म्हणाल्या, "थांबा." मला वाटलं, झालं! यांचा विचार बदलला.

"खरं सांगू का भाऊ? लोकं आले की मले बरं वाटे. आपलं घर टीव्हीत आलं ना! त्या पोट्ट्यांनी म्हटलं तवा प्रणालीले मीच म्हटलं होतं, बस ना वं, एका फोटोनं काय होते?"

त्यांनी मिस्त्रीच्या हातातून घण घेतला. "तुम्ही व्हिडिओ काढा. तिले पाठवा." पहिला घाव सिमेंटवरून घसरला. दुसऱ्याने तडा गेला. तिसऱ्याला वीट निखळली आणि काकू धापा टाकत तिथेच खाली बसल्या. बाकीची विहीर मिस्त्रीने तासाभरात सपाट केली.

व्हिडिओ पाठवला. प्रणालीने तो पाहिला, उत्तर दिलं नाही. आठ दिवसांनी मुलाचा मेसेज आला, दोघींना घेऊन आलो म्हणून.

सेकंड सीझनचं काम माझ्याकडून गेलं. त्यांनी विहीर मुंबईत स्टुडिओतच बांधली. म्हणजे खाप्याची तशीही लागणार नव्हती!

महिन्याभराने सावनेरला जाताना काकूंकडे चहाला थांबलो. तेवढ्यात फाटकापाशी गाडी उभी राहिली. गॉगलवाल्या बाईने काच खाली केली. "अहो, सून मेली ती विहीर इथेच ना?"

काकू उठायच्या आत प्रणाली लेकीला खांद्यावर घेऊन फाटकाशी गेली. "हो, इथंच होती. अन् थे सून मीच. बोला, काय काम होतं?"

गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत रिव्हर्समध्ये गेली. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसलो, कितीतरी दिवसांनी.

काम गेलं ते गेलंच. पण आता मी स्ट्राइक त्याच दिवशी करतो, मालकीणबाई कितीही गोड बोलोत.