कळप अर्धा करणारा आप्पा

फुलंब्रीच्या मुंजाबा मेंढपाळाचा आप्पा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात हजेरीच्या कॉम्प्युटरवर बसायचा. नव्व्याण्णव सालची गोष्ट. हजेरीचा डेटाबेस त्यानंच बसवलेला, फुकटातला. त्याला मालक नव्हता. जगभरची माणसं मिळून तो घडवायची, कुणाला चूक सापडली की कळवायची.

वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की रोजंदारीवाला कायम. पॅकिंगच्या मनकर्णाबाईचे निघाले दोनशे अडतीस.

"एक खाडा नाय केला रं आप्पा."

"मावशी, मशीन खोटं बोलत नाय."

बाई कामावर परत गेली. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या जाळपोळीत तिचं घर गेलं, घरासंगं कागदही गेले. 'कागद नाय तर घर बी नव्हतं' असं तेव्हा एका कारकुनानं तिला ऐकवलं होतं. हे आप्पाला माहीत होतं, म्हणून त्याला आपलंच बोलणं सलत राहिलं.

मग त्याला पोळ्याची दुपार आठवली. हजेरी भरता भरता लाइट गेली, तो घामाघूम झाला, तेव्हा वारा घ्यायला पुठ्ठा हिनंच आणून दिलेला. मशीनमध्ये पाहिलं, तर पोळ्याला मनकर्णाबाई गैरहजर.

खोकणारं मेंढरू सापडेना की मुंजाबा कळप अर्धा करून दोन वाघरांत, म्हणजे जाळीच्या कुंपणांत, कोंडायचा. खोकला येईल तो अर्धा पुन्हा अर्धा. आप्पानं हजेरीची नक्कल काढून तेच केलं: नोंदींच्या ज्या अर्ध्यात चूक दिसेल तो पुन्हा अर्धा.

टाइम ऑफिसचे साहेब म्हणाले, "यादी उद्या वर जायची अन् तू मेंढरं मोजतोस व्हय?"

"मोजत नाय साहेब, हुडकतोय."

शेवटी अकरा नोंदी उरल्या. मशीनला नाव घालून विचारलं की बाई नाही. सगळ्या छाप म्हटलं की बाई हजर. नोंद जाग्यावर होती. पण ऐन भरताना लाइट गेली की ती शोधायच्या सूचीत चढायची राहून जात होती.

"मग लिहून दे, तू बसवलेलं चुकलं म्हणून," साहेब म्हणाले. आप्पानं लिहून दिलं. असे हुकलेले तीन दिवस धरून बाईचे भरले दोनशे एक्केचाळीस.

सांगायला गेला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अन् बाकीच्यांचं?"

ते त्यानं बघितलंच नव्हतं. सूची नव्यानं बांधली, तर आणखी चौघांचे दिवस दोनशे चाळीसच्या वर गेले. त्यातल्या अजिंठ्याकडच्या कडुबाला दिवस भरले नाहीत म्हणून महिन्यापूर्वीच घरी धाडलेलं.

औरंगपुऱ्यातल्या सायबर कॅफेतून आप्पानं मोडक्या इंग्रजीत त्या जगभरच्या माणसांना कळवलं. नावं बदलून अकरा नोंदी पाठवल्या, लाइट गेल्याचं सांगितलं. उत्तर आलं: पुन्हा घडवून दाखवता येईल का? त्यानं भरता भरता वायर उपटायला सुरुवात केली. सातव्या खेपेला घडलं. पंधरवड्यात दुरुस्ती आली.

रविवारी एसटीनं तो कडुबाच्या घरी गेला. दारात त्याची आई, सारजाबाई.

"त्यो गेला सुरतेकडं. पत्ता नाय दिला."

"काकू, त्याचे दिवस भरलेत. माझ्याच्यानं चूक झाली."

म्हातारीनं त्याला पाणी दिलं अन् म्हणाली, "आल्यावर सांगते."

आप्पानं कडुबाची जागा सहा महिने धरून ठेवायला लावली. सातव्या महिन्यात तिथं दुसरा माणूस लागला.