बाशिंगाचे साक्षीदार

"मॅडम, साक्षीदार आणलेत," दिंद्रुडचे बबनराव म्हणाले आणि माझ्या बीडच्या ऑफिसात जीपभर माणसं शिरली. खुर्च्या दोनच. बाकीचे भिंतीला टेकले.

मी पेटंट एजंट. नव्या शोधावर सरकारकडून हक्क मिळवून देणं हे माझं काम. इथे लोक मला नोटरी समजून रेशनकार्डाच्या झेरॉक्स घेऊन येतात. त्यामुळे खरं गिऱ्हाईक आलं की मला भरून येतं.

बबनरावांचं इंजेक्शन मोल्डिंगचं मशीन आहे. वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबलं की ठिबक सिंचनाच्या नळ्यांचे जोड निघतात. त्यांच्यासोबत प्लास्टिकच्या वाया जाणाऱ्या काड्याही निघतात, त्यांना रनर म्हणतात. बबनराव त्या गरम करून, वळवून बैलांच्या कपाळावर बांधायची बाशिंगं करायचे. ठिबकचा धंदा मंदावल्यापासून घर त्यावरच चाललं होतं. आणि आता मेव्हण्यानं अगदी तसंच बाशिंग बाजारात आणलं होतं.

"त्याला बंद पाडायचं," बबनराव म्हणाले.

पेटंटला वस्तू नवी लागते. अर्जाआधीच लोकांनी पाहिली, वापरली, तर ती जुनी झाली. हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर साक्षी सुरू झाल्या.

"दर पोळ्याला माझ्या बैलाला ह्यांचंच बाशिंग असतंय."

"आख्ख्या गावानं बघितलंय."

बांधाच्या भांडणात जितके पंच जास्त, तितका हक्क पक्का. इथे प्रत्येक साक्षीला पेटंट आणखी मरत होतं. मी "पुरे" म्हणत होते, बबनराव "बोल, बोल" म्हणत होते.

शेवटी दाराजवळचा तरुण बोलला. "म्या ह्यांचंच बघून केलं, मॅडम. खोटं कावून बोलू?"

"तुम्ही कोण?"

"मेव्हणा."

गावातून जीप एकच निघाली होती. तोही तिच्यातच बसून आला होता.

मी कायदा समजावला.

"म्हंजी आता म्या केलं तर चालतंय?" मेव्हण्यानं विचारलं.

"चालतंय."

बबनरावांच्या तोंडाकडे बघवेना. मला खरंच वाईट वाटलं. मग सगळे त्याच जीपनं परत गेले.

दिवाळीनंतर बबनराव एकटे आले. हातात तोंड शिवलेलं पोतं.

"नवीन हाय. बायकोलाबी दावलं न्हाई. तो तिचाच भाऊ की."

"काढा, बघू."

"न्हाई. तुमी न बघता अर्ज लिहा."

"अहो, मला दाखवलेलं धरत नाहीत. मी तुमची एजंट आहे, आपलं माणूस."

"गावबी आपलंच होतं, मॅडम."

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी ते पोतं घेऊन येतात, चहा पितात आणि पोतं घेऊन जातात. नव्या गिऱ्हाइकाला मी आता आधी फोनवरच सांगते, एकटे या. बबनरावांचा अर्ज अजून कोरा आहे. पण शोधाच्या नवेपणावर कुणी बोट ठेवू शकणार नाही, एवढं मी लिहून देते.