पोत्याखालचं घमेलं

गांजाचा वास केसांतून जात नाही. साबणाने जात नाही, शिकेकाईने जात नाही. मुद्देमालाच्या खोलीची चावी माझ्याकडे होती त्या काळात सासूबाई मला आधी मागच्या मोरीत आंघोळ करायला लावत आणि मगच चुलीजवळ येऊ देत. "ठाण्यातून आली का बैराग्याच्या मठातून आली वं?" असं त्या विचारायच्या. मी हसायची. तेव्हा हसू यायचं.

हायवेच्या ठाण्यात मी हवालदार होते. लोकांना वाटतं, पोलिसांनी माल पकडला, पेपरात फोटो आला, की गोष्ट संपली. फोटोत माल टेबलावर असतो आणि साहेब टेबलामागे. फोटो झाला की साहेब घरी जातात आणि माल माझ्याकडे येतो. मग तो वाट बघत बसतो. न्यायाधीशांसमोर मोजणी व्हायची, नमुने काढून तपासणीला पाठवायचे, नष्ट करायची परवानगी यायची, आणि शेवटी भट्टी. कागदावर हे सगळं झटपट होतं. आमच्याकडे सरकारी काम अन् सहा महिने थांब. तोवर तो माल मोहाच्या दारूचे डबे, चोरीचे पाण्याचे पंप आणि कुणाच्या तरी डोक्यात घातलेली कुऱ्हाड यांच्या सोबतीने त्याच खोलीत राहतो.

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. नवेगाव बांधचा एक मासोळीवाला हायवेवरच्या कोहमाऱ्याच्या धाब्यांना मासे पुरवायचा. मोटारसायकलच्या मागे थर्माकोलचा मोठा डबा, त्यात बर्फ, बर्फात रोहू. त्या दिवशी माशांच्या खाली गांजा निघाला. ओरिसाकडून आलेला माल ट्रकवाल्याने त्याला दिला होता, पुढच्या गावी पोचवायला. माशांच्या वासात गांजाचा वास लपेल असा हिशोब. माणूस काही साधू नव्हता, मीही त्याला साधू म्हणत नाही. माल त्याने नेला आणि तो सापडला.

पंचनामा रस्त्याच्या कडेलाच झाला. काटा शेजारच्या किराणा दुकानातून आणला. डब्यातला बर्फ वितळून गांजा भिजून चिंब झाला होता, पिळला तर पाणी निघेल असा. तो तसाच पोत्यात भरला, तसाच काट्यावर चढवला, आणि वजन भरलं वीस किलोच्या वर, थोडंसंच वर. लाखेचं सील ठोकून पोतं माझ्या खोलीत आलं.

पोतं गळत होतं. फरशीवर पिवळट पाण्याचा ओघळ, त्याला माशांचा आणि गांजाचा मिळून असा वास की उलटी यावी. मी पोतं लाकडी फळ्यांवर चढवलं आणि खाली घमेलं ठेवलं. घमेलं भरलं की ठाण्याच्या मागे नेऊन सांडायचं. यात विचार करण्यासारखं काय होतं? घरात पत्रा गळला तर आपण तेच करतो.

मासोळीवाल्याची बायको पहिल्यांदा आली तेव्हा मी घमेलं सांडूनच येत होते. दारात उभी राहून तिने हात जोडले. ती स्वतः बाजारात बसून मासोळ्या विकणारी, आवाज खणखणीत. पण त्या दिवशी हळू बोलली.

"म्याडम, येक इचारू जी? मोजताना पाणी निथळू देलं होतं का?"

"काय?"

"वकील म्हणते का वीसच्या खाली असता तं जमानत भेटली असती. आमी मासोळी मोजतो तं बर्फ झटकून मोजतो. गिराईक पाण्याचं वजन धरू देते का? तुमी ते तसंच मोजलं का?"

"कोर्टात विचार," मी खेकसले. ठाण्यात आल्या-गेल्याशी असंच बोलायची सवय झालेली असते. ती गेली. मी खोलीत परतले, रिकामं घमेलं पोत्याखाली सरकवलं आणि टप् असा पहिला थेंब पडला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कायद्यात वीस किलो ही रेघ आहे. रेघेच्या वर माल असला की जामीन जवळजवळ विसरायचा. खाली असला तर माणूस बाहेर राहून तारखा करू शकतो. आणि मी रोज जे पाणी ठाण्याच्या मागे सांडत होते, ते पंचनाम्यात गांजा म्हणून मोजलेलं होतं.

मी धानवाल्या घरची. धान सरकारी खरेदी केंद्रावर नेला तर काट्याआधी ओल बघतात. ओल जास्त असली तर ढीग परत फिरवतात, वाळवून आण म्हणतात, कितीही गयावया करा. ठाण्यातले निम्मे लोक माझ्यासारख्याच घरांतले. हे न कळायला कुणीही दूधखुळा नव्हता. पण गांजाची ओल कापायची असं कुठल्या कलमात लिहिलंय? मी विषय काढला की जो तो चहाचा कप तोंडाला लावायचा.

हिवाळा गेला. उन्हाळा लागला. गळणं कधीच थांबलं होतं, आता पोतं आकसत चाललं. वरून दाबलं की आत चुरचुर वाजायचं. न्यायाधीश साहेब मोजणीला येणार असा निरोप आला तेव्हा ठाणेदार म्हणाले, "आधी आपण सीलबंदच मोजून पाहू." मोजलं. सोळाच्या आसपास. ठाणेदारांनी आधी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाकीचा माल कुठे गेला?"

"साहेब, ते पाणी होतं."

"पाणी म्हटलं तर जप्ती करणारा अधिकारी अडकतो. चोरी म्हटलं तर तुम्ही अडकता." ते दार लोटून आले. "उंदरांनी खाल्लं म्हणून लिहा. सगळीकडे उंदीरच खातात. पोत्याला खाली एक भोक पाडायला कितीसा वेळ लागतो?"

साहेब माणूस वाईट नव्हते. माझ्या भल्याचंच सांगत होते, आणि तेच भयंकर होतं. उंदरांनी खाल्लं म्हटलं की आधी माल पूर्ण होता असं ठरतं. जप्तीवाला अधिकारी सुटला, मी सुटले, ठाणं सुटलं. फक्त वीसच्या वरचा तो आकडा त्या माणसाच्या मानेवर कायमचा बसला असता.

मला राग आला. न्याय-अन्याय नंतर सुचला, आधी राग आला तो उंदरांचा. त्या खोलीत मी पिंजरे लावले होते, फळ्या टाकल्या होत्या, घरून मांजर आणून सोडली होती. माझ्या राखणीतल्या पोत्याला उंदराचा दात लागलेला नव्हता. धानाची कोठी राखणाऱ्या आईची मी लेक. "साहेब, भोक मी पाडणार नाही, अन् कुणाले पाडूही देणार नाही," मी म्हणाले. माझी चावी कमरेला होती. त्या आठवड्यात मी ती रात्री उशाशी घेऊन झोपले.

न्यायाधीश आले. सील शाबूत, पोतं शाबूत, वजन सोळा. त्यांनी तसंच लिहून घेतलं, नमुने वेगळे केले. मी माझ्या जबाबात पाणी लिहिलं, घमेलं लिहिलं, कुठे सांडलं तेही लिहिलं. मग जे व्हायचं ते झालं. चौकशी लागली. चावी काढून घेतली. "काय म्याडम, चार किलो गांजा घरी चहात टाकला का?" असं माझ्या हाताखालचा शिपाई सगळ्यांसमोर म्हणाला आणि लोक हसले. चौकशीत माझ्याविरुद्ध काही निघालं नाही, पण मला उचलून कोहमाऱ्याच्या चौकात वाहतुकीला उभं केलं.

मला वाटलं होतं, निदान तो मासोळीवाला तरी सुटेल. वकिलाने नव्या वजनावर पुन्हा अर्ज टाकला. सरकारी बाजू म्हणाली, खरं वजन जप्तीच्या वेळचं. कोर्ट म्हणालं, कोणतं वजन धरायचं हा पुराव्याचा प्रश्न आहे, तो खटल्यात पाहू. जामीन फेटाळला. खटल्याला अजून तारीख नव्हती.

मालाची मात्र तारीख आली. जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांचा गांजा गाडीत भरून एका कारखान्याच्या भट्टीवर नेला. पोती ओळखायला मलाही बोलावलं, कारण राखण माझी होती. माझं पोतं मी लगेच ओळखलं, ते सगळ्यांत हलकं झालं होतं. व्हिडिओवाला शूटिंग करत होता. पोती एकामागून एक आत गेली. वाळलेला माल, भपकन पेटला. परत निघताना गाडीत सगळे सुटल्यासारखे गप्पा मारत होते. मी खिडकीबाहेर बघत बसले, मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्याच बाजाराला त्याची बायको मला चौकात दिसली. नवऱ्याची धाब्यांची गिऱ्हाइकं आता तीच सांभाळते. रस्त्याच्या कडेला टोपलं, समोर तराजू. मी स्वतः तिच्याजवळ गेले. तिला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं वाटलं.

"तो माल जाळला काल-परवा," मी म्हणाले.

तिचा हात थांबला. "सारा?"

"नमुने ठेवले. बाकी सारा."

"मंग आता कागदावर किती हाये?"

"एका कागदावर वीसच्या वर. एका कागदावर सोळा."

"खरा कोन्ता?"

"ते ठरायचं हाय."

"अन् ठरत नाही तवरीक त्याले काऊन ठेवून राहिले?"

मी वर्दीत होते. मागे ट्रक हॉर्न वाजवत होते. मी म्हटलं, "एक रोहू दे."

तिने टोपल्यातून मासा उचलला, बर्फ झटकला आणि शेपटीला धरून वर धरला. थेंब पडत राहिले, एक, मग एक, मग जरा थांबून आणखी एक. मागे दुसरं गिऱ्हाईक कटकट करायला लागलं तरी तिने हात खाली घेतला नाही. पाणी पूर्ण निथळलं, आणि मगच तिने तो मासा तराजूत ठेवला.