विरोधाआधीची शाल

मित्रहो, सकाळचा प्रसंग डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो आहे.

बेलवलीत आमच्या इमारतीमागे एकच मोकळं मैदान उरलं आहे. तिथे आता दुकानांचे गाळे बांधायचं घाटत आहे. आज त्यावर सुनावणी होती. आमचं ज्येष्ठ नागरिक मंडळ विरोध नोंदवायला गेलं. शेजारचे सावंतकाकाही काठी टेकत आले. अर्धांगवायूनंतर ते त्याच मैदानात पुन्हा चालायला शिकत आहेत.

सुनावणी घेणारे साहेब आले, तशी आमच्या अध्यक्षांनी पिशवीतून शाल आणि नारळ काढला.

मी म्हटलं, "अहो, आपण भांडायला आलोय ना?"

"भांडू की! पण आधी सत्कार. आपली काही रीत आहे की नाही?"

शाल घातली. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. मग साहेबांनी गाळ्यांचे फायदे सांगितले. सवयीने पुन्हा टाळ्या पडल्या. बोलण्यासाठी सावंतकाका उठू लागले. त्यांना उठायला वेळ लागतो. ते उभे राहीपर्यंत साहेब दुसऱ्या बैठकीला निघून गेले होते.

दुपारी तोच फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. खाली लिहिलं होतं, 'ज्येष्ठ नागरिकांकडून प्रकल्पाचं स्वागत.'

काकांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "मीपण हसतोय रे यात," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी ते मैदानात आले नाहीत.

तुमच्याकडे अशा सुनावणीनंतर लोकांच्या म्हणण्यामुळे एखादा निर्णय बदलला असेल, तर सांगा. काकांना सांगायला मला एक तरी उदाहरण हवं आहे.