आखूडकाकांची रेघ

आखूडकाका अंगाने चांगले सहा फूट उंच. तरी गावभर ते आखूडकाकाच, कारण धावण्याच्या शर्यतीचा रस्ता आखूड आहे हे पहिल्यांदा त्यांनी सांगितलं. तोवर शर्यत भरवणाऱ्या मंडळाचे लोक मोटारीतून एक चक्कर मारायचे, काट्यावर दहा किलोमीटर दिसले की खूश. धावणारेही खूश, जो तो आपल्या विक्रमाच्या तोऱ्यात. मग चष्म्यांचं दुकान मुलाच्या गळ्यात घालून मोकळे झालेले काका सायकल घेऊन निघाले, आणि रस्ता जवळजवळ पाव किलोमीटर कमी भरला. एका दुपारीत सगळ्यांचे विक्रम पाण्यात गेले. त्यात त्यांच्या मुलाचाही होता. तो आठवडाभर वडिलांशी धड बोलला नाही.

तेव्हापासून रस्ता काकाच मोजतात, तोही रीतसर, शर्यतीला प्रमाणपत्र मिळेल असा. पोलादी टेपने आखलेल्या सरळ पट्ट्यावर आधी सायकल चालवायची, पुढच्या चाकाचा काउंटर तेवढ्यात किती फिरतो ते बघायचं आणि मग शर्यतीच्या रस्त्याला लागायचं. खरं कसब पुढेच. धावणारा जवळात जवळची जी वाट धरेल तीच धरायची, वळणावर काठापासून फूटभर अंतर ठेवून. चाक डुगडुगलं की सायकल उगाच जास्त चालते, मोजणाऱ्याला रस्ता पुरेसा वाटतो आणि प्रत्यक्षात तो आखूड राहतो. म्हणून दोघांनी मोजायचं, आणि ज्याचं अंतर कमी येईल त्याचं खरं धरायचं.

दुसरी मोजणारी म्हणजे त्यांची सून. शिवणकामाच्या कारखान्यात ती कापड कापते. लग्न ठरताना काकांनी तिला सायकल येते का एवढंच विचारलं होतं. स्वयंपाकाचं विचारायचं राहूनच गेलं, आणि त्याची फळं घर अजून भोगतं आहे. पण सायकलवर पोरगी पक्की निघाली.

पहिली काही वर्षं काकांचं अंतर कमी यायचं. गेली दोन वर्षं सुनेचं येत होतं. पहिल्या वर्षी काकांनी टायरमधल्या हवेला बोल लावला, दुसऱ्या वर्षी उन्हाला. यंदा लावायला काही उरलं नव्हतं. यंदाही आपली रेघ वाकडी निघाली तर सायकल कायमची भिंतीला टेकवायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं. बोलले कुणालाच नाहीत, पण रोज सकाळी गल्लीत खडूने रेघ ओढून तिच्यावरून सायकल चालवणारा म्हातारा कुणाच्या नजरेतून सुटणार? शेजारीपाजारी बिचारे रेघ न पुसता अंग चोरून जात.

मोजणीच्या दिवशी काका पुढे, सून मागे. शेवटच्या किलोमीटरात काकांचा चष्मा धुरकटला. जन्मभर लोकांना चष्मे विकणाऱ्या माणसाला पायउतार होऊन सदऱ्याच्या टोकाने काचा पुसाव्या लागल्या. सून खाली नजर लावून पुढे निघून गेली. चष्मा डोळ्यांवर चढवून काकांनी पाहिलं तर दवाखान्याच्या वळणावर ती काठ सोडून चांगली हातभर बाहेर गेली, मधोमध आली, परत काठाला आली. कालपरवा सायकल शिकल्यासारखी.

आधी त्यांना वाटलं, हिला चक्कर आली की काय. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. ते मनस्वी चिडले, आणि चिडता चिडता त्यांना सुनेची इतकी माया आली की पुन्हा चष्मा पुसावा लागला.

शेवटच्या खुणेपाशी दोघांनी हिशेब केला.

"यंदा तुमचं कमी आलं, बाबा," मान पुसत ती म्हणाली.

"दवाखान्यापाशी काय चाललं होतं तुझं?"

"खड्डा होता."

"नव्हता."

ती ब्रेकच्या तारेशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "रोज सकाळी तुमची ती खडूची रेघ बघवत नाही हो मला."

"अगं, माझी वाकडी झालीच आहे. आता तूही वाकडी चालवलीस तर रस्ता आखूडच राहील. वर्षभर घाम गाळून पळणाऱ्यांच्या वेळा खोट्या पडतील, त्या माझ्यामुळे. ते चालेल का मला?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"मग परत मोज. माझा आकडा राहू दे आहे तसा, ताडून बघायला. गाड्या मी अडवतो."

सायकल त्यांनी तिथेच कुंपणाला लावली, बंदोबस्ताला आलेल्या पोलिसाकडून लाल झेंडा मागून घेतला आणि दवाखान्याच्या वळणावर चालत जाऊन उभे राहिले.

ती आली. काठापासून फूटभर, वळणभर तेवढंच अंतर, चाक जराही हललं नाही. सासऱ्यापासून हाताच्या अंतरावरून गेली, पण तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते तिथे आहेत हे तिच्या गावीही नव्हतं. अशीच रेघ ते कधीकाळी मारायचे. ती दिसेनाशी झाली तरी काका झेंडा वर धरून तसेच उभे होते, आणि त्यांच्यामागे अडकलेली बस केव्हाची हॉर्न वाजवत होती.