तात्या जॉबरांचं ताट

तात्या जॉबर दवाखान्यात आले की रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानदाराला त्यांच्या बायकोची तब्येत कळे. माधवनगरच्या कापड गिरणीत, विणाई खात्यात, मागवाल्यांवरचा मुकादम म्हणजे जॉबर म्हणून वीस वर्षं काढलेला माणूस. मागांच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही, आणि बाहेर आल्यावरही तो आवाज काही खाली येत नाही. "डाक्टर, काल हिला दोन डाव उलटी झाली. दुपारच्याला पोटात नुसती आग पडलीया." डॉक्टर म्हणत, "तात्या, मी समोरच बसलोय." तात्या शांतपणे म्हणत, "व्हय की. म्हणून तर हळू बोलतुया." संध्याकाळी दुकानदार मला गाठून विचारी, "उलटी थांबली का हो जॉबरीणबाईंची?"

मी तिथे कंपाउंडर होतो. घर साताऱ्याचं, वय चोवीस, लग्न व्हायचं होतं. बाटलीवर डोसाची कागदी पट्टी कातरून चिकटवायची आणि आपल्याला जगातलं सगळं समजतं असं मानायचं, ही दोन कामं मी मन लावून करत असे. लढाईचे दिवस होते. गिरणी जोरात होती आणि औषधं मिळता मिळत नव्हती.

तात्यांच्या बायकोचं नाव हौसाबाई. मुलगी सासरी गेलेली, चाळीतल्या खोलीत दोघंच. हौसाबाईंच्या जठरात व्रण झाला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, तिखट बंद आणि पोट म्हणून रिकामं ठेवायचं नाही. दर तीन तासांनी मऊ भात, दूध, काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. पूड मी देत होतोच, पण खरं औषध ते खाणं. आणि नेमकं तेच जमत नव्हतं. पलूसकडच्या शेतकरी घरात वाढलेली बाई. नवऱ्याच्या आधी घास घ्यायचा नाही आणि जेवायचं ते त्याच्याच ताटात, त्याच्या मागून, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं की डॉक्टर रागावले तरी ती खाली मान घालून "व्हय" म्हणे आणि घरी जाऊन तात्यांची वाट बघत उपाशी बसे.

तात्यांनी तिला समजावण्याचा नाद सोडला आणि स्वतःच तोड काढली. गिरणीच्या मागेच चाळ. साहेबाच्या हातापाया पडून त्यांनी मधल्या वेळांना दहा-दहा मिनिटांची सवलत मिळवली. कपड्यांवर कापसाची तुसं तशीच घेऊन ते धावत घरी जात, ताटावर बसून चार घास खात आणि हात धूत. मग त्याच ताटावर हौसाबाई बसत. "चार घास माझं, बाकी समदं तुझं," असं म्हणून पुन्हा पळत मागावर. मिरची त्यांनीही सोडली. विचारलं तर म्हणत, "आवं कंपाउंडर, माग बंद पडला तर सायेब वरडंल. हिचं पोट बंद पडलं तर मी कुणाफुडं वरडू?" वर्षभरात बाईंच्या उलट्या थांबल्या. दुकानदारानंसुद्धा मला पेढा दिला.

त्या दिवाळीनंतर एकदा तात्या आले आणि काहीच बोलले नाहीत. मला वाटलं घसा बसला. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, धोतर वर करून पाय दाखवले, मग डोळ्यांखाली हात फिरवला. विणाई खात्यातली माणसं गोंगाटात अशाच खुणांनी बोलतात. पायावर डॉक्टरांनी अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला. लघवी तपासली. मूत्रपिंडं बिघडली होती. डॉक्टरांनी मीठ संपूर्ण बंद करायला सांगितलं, चिमूटभरही नाही. तात्यांनी डोकं हलवलं, हात जोडले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजण्याचा प्रयत्न केला. "हिला कळाय नगो. मागं हिचा थोरला भाऊ गेल्याची तार आली, तवा त्या धसक्यानं हिला रगात पडलं हुतं." दुकानदार दुकानाच्या आतल्या खोलीत होता म्हणून बरं, नाहीतर त्यालाही ऐकू गेलं असतं.

दोन महिने औषध चाललं. सूज उतरेना, उलट चढली. "अळणीच खाताय ना?" असं डॉक्टर विचारत आणि तात्या जोरात मान हलवत. मीही विश्वास ठेवला. मग एका सुट्टीच्या दिवशी बाईंची पूड द्यायला मी खोलीवर गेलो. तात्या ताटावर बसले होते. वरणभात, दुधीची भाजी, ताटाच्या कडेला मिठाची चिमूट. माझ्याकडे बघून त्यांनी हळूच ओठांवर बोट ठेवलं आणि घास घेतला. मी दारातच उभा राहिलो आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांच्या ताटात अळणी आलं असतं, तर मागून त्याच ताटात जेवणाऱ्या बाईला पहिल्या घासाला कळलं असतं. म्हणून हा माणूस दिवसातून चार-पाच वेळा बसून मीठ खात होता, तिनं खावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गिरणीच्या फाटकावर धरलं. म्हटलं, नवस केलाय म्हणून सांगा, अळणी खायचा. तात्या चिडले. "देवाच्या नावानं खोटं बोलू? त्ये तिच्याच पोटाला बादंल." मग मान खाली घालून म्हणाले, "तुमी कुणाला बोलू नगा. तुमाला आईची आण हाय." सूज अशीच चढत राहिली तर काय, असं डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "पाणी छातीत चढलं की माझ्या हातात काही राहणार नाही." मी तीन दिवस बाटल्यांवर चुकीच्या पट्ट्या चिकटवल्या. सांगावं तर ती बाई कोसळेल, न सांगावं तर हा माणूस जाईल. माझी आई साताऱ्यात धडधाकट होती. चौथ्या दिवशी मनातल्या मनात तिची क्षमा मागितली आणि तात्या पाळीवर असताना त्यांच्या खोलीवर गेलो.

हौसाबाई तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगून टाकलं. त्यांचा हात सुपात थांबला.

"कवापासनं?"

"दिवाळीपासून."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मग त्या म्हणाल्या, "मला वाटलं, अंगानं भरल्यात. तोंडावर तकाकी आलीया. शेजारणीला सांगत हुते मी, माझ्या हातचं मानवतंय म्हणून." त्यांनी पदरानं डोळे पुसले, सूप बाजूला ठेवलं, उठल्या, आणि फळीवरची मिठाची बरणी माझ्या हातात दिली. "ही घिऊन जावा. आन् घरला जाऊन जेवा, तोंड बगा केवढंसं झालंय."

दुसऱ्या दिवशी तात्या दवाखान्यात आले ते थेट माझ्या अंगावर. "कंपाउंडर, आण मोडलीसा." मी औषधाच्या कपाटामागे सरकलो. तात्या बाकावर बसले आणि त्यांचा आवाज पुन्हा रस्त्यापलीकडं पोचला. "काल दोन ताटं मांडली हिनं. दोन्ही अळणी. मी बसाय लागलो तर म्हणली, थांबा. आन् माझ्या आधी घास घेतला. पंचवीस वर्सात पयल्यांदा. म्हणली, आता पळत येऊ नगा, येळ झाली की माझी मी खाईन." हे सांगताना तो एवढा मोठा माणूस रडत होता आणि हसतही होता. डॉक्टरांनी चष्मा पुसला. मीही रडलो, लपवू कशाला.

बाईंना रक्त पडलं नाही, साधी कळही आली नाही. वेळेवर खाऊ लागल्यानं त्यांची पूड निम्म्यावर आली. डॉक्टर म्हणाले, तुम्ही मीठ खायला हरकत नाही. बाईंनी नेहमीसारखं मान खाली घालून "व्हय" म्हटलं आणि खाल्लं नाही. तात्यांची सूज उतरायला उन्हाळा लागला. एके सकाळी त्यांच्या पायावर अंगठा दाबून डॉक्टरांनी उचलला आणि खळगा राहिला नाही, तेव्हा मला वाटलं, माझ्याच पाठीवरचं पोतं कुणीतरी उतरवलं.

पुढं माझं लग्न ठरलं आणि साताऱ्यालाच औषधाच्या दुकानात नोकरी मिळाली. दोघं स्टेशनवर पोचवायला आली. आता पूर्वीसारखं पळायचं नसल्यामुळे तात्या सावकाश चालत होते, हौसाबाई त्यांच्या बरोबरीनं. गाडी हलता हलता तात्यांनी खिडकीतून माझा हात धरला. "कंपाउंडर, येक सांगतो. दुखणं आलं, खुपणं आलं, बायकूपास्नं कायबी लपवू नगा. सांगितल्यानं बायकू मरत न्हाई."

सगळा फलाट वळून बघायला लागला. हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "आवं, हळू बोला. मी हितंच हाय अजून."