शांततेसाठी लावलेला कौल

शांत झोप मिळावी म्हणून विमानतळाशेजारी बिऱ्हाड हलवणारा शहापुरातला मी पहिला माणूस. माझी हकीकत ऐकल्यावर दुसरा कोणी निघाला नाही.

आमचं घर विणकरांचं. घराच्या पुढच्या सोप्यात चार हातमाग, आणि चारही थोरल्या भावाच्या, म्हणजे अण्णाच्या हुकमतीत. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत खटाक-खट, खटाक-खट! मी तेवढा शिकून प्राथमिक शाळेत मास्तर झालो होतो. (घरातला सर्वांत कमी मिळवणारा आणि सर्वांत जास्त बोलणारा!) शाळा सकाळची. दुपारी जेवून जरा आडवं व्हावं, तर मागावरचा धोटा जणू माझ्या एका कानातून दुसऱ्या कानात धावायचा.

एकदा जेवताना मी विषय काढला. "अण्णा, दुपारी थोडा वेळ माग बंद ठेवत जा. मला वह्या तपासायच्या असतात."

"वह्या तपासताना घोरतोस व्हय रं?" अण्णा म्हणाला. "माग लग्नाला बंद, न्हाय तर मयताला. आज तुझं ह्यातलं काय हाय?"

सगळी पंगत हसली. वहिनी हसली, पोरं हसली, माझी बायको इंदूसुद्धा पदर तोंडाला लावून हसली! माझं डोकं फिरलं. मी हातातला घास ताटात टाकून गरजलो, "निघालो मी! पुन्हा या घरात राहायला आलो तर मिशी उतरवीन!" अण्णानं माझ्या मिशीकडे एकदा नीट पाहिलं आणि आमटी वाढून घेतली.

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. सांबऱ्याच्या माळावर गोऱ्या सरकारनं विमानतळ केला होता, आणि त्याच्या तारेच्या कुंपणाला लागून असलेल्या एका वाडीत निम्म्या भाड्यानं घर मिळत होतं. घरमालक वाडीतल्या देवीचा गुरव. भाडं निम्मं का, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. तो इंदूच्या मनात आला.

"अहो, शेजारी इमानतळ हाय. आवाज न्हाई व्हायचा?"

"विमान आकाशात उडतं," मी शाळेतल्या सुरात समजावलं. "आपण जमिनीवर राहणार आहोत!"

तरी मी काही आंधळेपणानं घर घेणारा माणूस नव्हे. मी रीतसर परीक्षा घ्यायची ठरवली. गुरव म्हणाला होता, "मास्तर, बरोब्बर दुपारचं या. लई निवांत असतंय." त्याप्रमाणे आम्ही गेलो, घराच्या कट्ट्यावर बसलो आणि मी डोळे मिटून कान दिला. झाडावर एक होला घुमत होता, बस्स!

"ऐक!" मी इंदूला म्हणालो.

"काय ऐकू?"

"तेच! काही नाही!"

(विमानतळावरचे गोरे त्या वेळी जेवायला बसतात, ही बारीकशी गोष्ट गुरवानं सांगितली नव्हती. मीही विचारली नव्हती.)

इंदूची काही खात्री पटेना. ती म्हणाली, "मग देवीला कौल लावूया. ती म्हणाली ऱ्हावा, तर ऱ्हाऊ." मी सुधारक मास्तर, पण बायकोचं तोंड बंद करायला देवीइतका भक्कम साक्षीदार कुठे मिळणार? गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं भिजवून चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. त्यानं गाऱ्हाणं घातलं, "आई, मास्तर हितं ऱ्हायला येऊ का म्हंत्यात. काय त्ये मोकळ्या मनानं सांग!"

बराच वेळ झाला. फूल हलेना. माझा पाय बधिर झाला. तेवढ्यात माळाकडून घुंईंईं करत आवाज उठला, वाढला, देवळाच्या डोक्यावरून गेला. घंटा आपोआप किणकिणली, समईची ज्योत आडवी झाली आणि टपकन उजवं फूल पडलं!

"उजवा! उजवा!" मी टाळ्याच पिटल्या.

"अहो, आत्ता इमान गेलं की डोक्यावरनं!"

"कौल बघ गं! विमान काय बघतेस!"

ज्या आवाजाची परीक्षा घ्यायला मी एवढ्या लांब आलो होतो, तो आवाज मला आनंदाच्या भरात ऐकूच आला नाही.

बैलगाडीतून सामान आलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच गोऱ्यांनी विमानं तापवायला घेतली. तापवतात म्हणजे जागच्या जागी उभी करून गुरगुरवतात! फळीवरचे डबे चालत चालत कडेला आले आणि एकामागून एक खाली उड्या घेऊ लागले. छपरातली माती आमटीत पडली. इंदू चुलीपुढून काहीतरी ओरडत होती. आवाज थांबल्यावर कळलं, तिची ओरड माझ्याबद्दलच होती.

वाडीतली माणसं सरावली होती. विमान आलं की बोलणं अर्ध्यावर सोडायची, गेलं की तिथूनच पुढे चालू! आम्हाला ते जमेना. आठवड्याभरात आम्ही हातवारे करून बोलू लागलो. भांडायचोही हातवाऱ्यांनीच, आणि त्यात इंदूचे हात फार चपळ. शाळेत मी साधं "बसा" म्हणालो, तरी शेजारच्या वर्गातली मुलं बसायची. दुपारची झोप शाळा सुटल्यावर तिथेच नकाशांच्या कपाटामागे उरकू लागलो.

बाजारात एकदा अण्णा भेटला. "काय रं, झोप कशी लागतीया?"

"काय?"

"झोप! झोप!"

"अगदी शांत!" मी असा ओरडलो की, कांदे तोलणाऱ्या बाईच्या हातून तागडी सुटली.

परत जावं असं आतून फार वाटत होतं. पण मिशी! अखेर मला युक्ती सुचली. देवीनंच आज्ञा केली म्हटल्यावर मिशीला कोण हात लावणार? इंदूला घेऊन मी देऊळ गाठलं. गुरवानं फुलं लावली. मी हात जोडले, "आई, हे घर सोडून परत जाऊ का?"

घुंईंईं! घंटा किणकिणली. उजवं!

"चला, गाडी सांगतो," मी उठलोच.

"थांबा," इंदू म्हणाली. "गुरवबाबा, पुन्यांदा लावा. आई, आमी हितंच ऱ्हाऊ का?"

घुंईंईं! उजवं!

मी गुरवाकडे पाहिलं. गुरवानं खांबाकडे पाहिलं. देवीच्या उजव्या अंगाची भिंत विमानतळाकडची होती. विमान उठलं की ती आधी हादरायची. विमानतळ झाल्यापासून वाडीत नकार म्हणून मिळाला नव्हता! लग्न जमवू? उजवा. मोडू? उजवा. त्यामुळे लांबलांबून माणसं येत होती.

"आई लई मायाळू हाय," गुरव पुटपुटला. "कुणाचं मन मोडत न्हाई."

"असं व्हय?" इंदूनं पदर खोचला आणि खांबाला टेकून बसली. "मग मला अजून एक इचारायचंय. पण गोरं जेवायला बसू द्या."

आम्ही बसून राहिलो. यथावकाश माळावरचा आवाज थांबला. सगळीकडे सामसूम झाली. गुरवानं नवी फुलं चिकटवली. इंदूनं डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात विचारलं, "आई, माझ्या नवऱ्याचं डोस्कं ठिकाणावर हाय का?"

आकाशात विमान नव्हतं. वारा नव्हता. घंटा हलली नाही. टपकन डावं फूल पडलं.

गुरवानं भक्तिभावानं देवीला दंडवत घातला. "वैनी," तो म्हणाला, "लई दिसांनी कौल लागला बघा!"

त्याच संध्याकाळी गाडी शहापुरात शिरली. वाटेत मी मनातल्या मनात 'देवीची आज्ञा' घोकत होतो. पण इंदू माझ्याआधी उतरून तरातरा सोप्यात गेली. मी सामान घेऊन उंबऱ्यात पोचेपर्यंत तिनं कौलाची गोष्ट सुरूही केली होती.

अण्णानं हात वर केला. "माग थांबवा रं समदे! काय बी ऐकू येईना!"

चारही माग एका दमात थांबले. ना लग्न, ना मयत! सोप्यात अशी शांतता पसरली की माझ्याच श्वासाचा आवाज मला येऊ लागला. अण्णा मागावरून उठून पुढे येऊन बसला, पोरांनी वहिनीला चुलीपासून ओढत आणलं, आणि इंदूनं गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली.